सलाईनच्या बाटलीवरचं नाव

हॉस्टेलवर एक वर्ष काढलेल्या माणसाला दोन गोष्टी नक्की माहीत असतात. पहिली, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला आतून पांढरा थर चढतो. दुसरी, पावसाळ्यात कुणाला डेंग्यू झाला किंवा कुणी उलट्या-जुलाबांनी आडवं पडलं, की दवाखान्यात आधी हाताला सुई लावतात आणि वर एक बाटली टांगतात. आपण तिला सलाईन म्हणतो, नर्स आरएल म्हणतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण संबंध आहे! बादलीतला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमच्या क्षाराचा. आणि आरएलमधला आर म्हणजे रिंगर. अशाच क्षाराच्या पाण्याने त्यांना कॅल्शियमची किंमत शिकवली.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. आमच्याकडे बायोमेडिकलचा एक पेपर असतो. त्याच्या सेमिनारला मला विषय मिळाला, चेतापेशींमधलं कॅल्शियम आणि त्यावर काम करणारी औषधं. चेतापेशी म्हणजे न्यूरॉन. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला माझ्या रूममेटने शिकवला. विषय नवा, औषधं नवी, पण वाचत वाचत मागे गेलं की धागा एकाच नावापाशी येऊन थांबायचा, डॉ. सिडनी रिंगर. सेमिनार झाला, व्हायवा झाली, तरी हा माणूस काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

नॉर्विच ते लंडन

रिंगर यांचा जन्म १८३५ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच या गावी झाला. घराणं इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या बाहेरचं. अशा घरांतल्या मुलांची ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये पिढ्यानपिढ्या अडवणूक होत आली होती. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज मात्र धर्म न विचारता प्रवेश द्यायचं. वडील लहानपणीच गेलेले. १८५४ साली सिडनी त्या कॉलेजात मेडिकलला दाखल झाले, १८६० साली पदवी घेतली, आणि पुढे १९०० साली निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेत राहिले. ४६ वर्षं एकच कॅम्पस! आपल्याला चार वर्षं जड होतात.

त्यांच्या भावंडांची गोष्टही मजेदार आहे. एक भाऊ व्यापारासाठी चीनमध्ये शांघायला गेला. धाकटा फ्रेडरिक जपानमध्ये नागासाकीला जाऊन तिथला मोठा व्यापारी झाला. त्याचं घर नागासाकीत आजही जपून ठेवलेलं आहे, आणि जपानमधली रिंगर हट नावाची नूडल्सची हॉटेलं त्याच्याच नावावरून ओळखली जातात. म्हणजे एका भावाचं नाव सलाईनच्या बाटलीवर आणि दुसऱ्याचं हॉटेलच्या पाटीवर. पैसा अर्थात बाटलीवाल्याकडे कमीच होता.

सिडनी यांनी पैशाच्या मागे न लागता दवाखाना धरला. १८६३ साली असिस्टंट फिजिशियन, १८६६ साली पूर्ण फिजिशियन, आणि शिवाय औषधशास्त्राचे प्रोफेसर. १८६९ साली त्यांनी औषधोपचारावर एक हँडबुक लिहिलं. १८९७ पर्यंत त्याच्या १३ आवृत्त्या निघाल्या. सगळ्या हॉस्टेलने झेरॉक्स काढून वापरावं असं पुस्तक होतं म्हणा ना. त्या काळातल्या डॉक्टरांना ते ठाऊक होते ते या पुस्तकामुळे.

१८६७ साली यॉर्कशरमधल्या अ‍ॅन डार्ली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांची मुलगी अ‍ॅनी लहानपणीच गेली. मोठ्या हॉस्पिटलातला नावाजलेला डॉक्टर, औषधांवर पुस्तक लिहिणारा, आणि स्वतःचं मूल हातातून गेलं. यॉर्कशरमधल्या लास्टिंगहॅम या छोट्या गावातल्या जुन्या चर्चची डागडुजी तिच्या स्मरणार्थ रिंगर कुटुंबाने १८७९ साली करून घेतली. त्या दुःखाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. पण पुढचं सगळं काम या माणसाने त्यानंतर केलं, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

बेडकाचं हृदय आणि लंडनचा नळ

रिंगर यांच्याकडे मोठी लॅब नव्हती. कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात थोडी जागा आणि हाताखाली एक मदतनीस. पेशंट, वॉर्ड, लेक्चर हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोग करायचे. प्रश्न साधा होता. रक्तात नेमकं असं काय असतं, ज्याच्यामुळे हृदय धडधडत राहतं?

त्यासाठी बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून एका द्रावणात ठेवायचं. बेडकाचं हृदय बाहेर काढल्यावरही बराच वेळ चालतं. प्रत्येक ठोका यंत्राने रेघेच्या रूपात उमटवून घ्यायचा. आज आपण सेन्सर लावून स्क्रीनवर जी वेव्हफॉर्म बघतो, तिचीच ही पणजी. द्रावणातला एकेक घटक बदलायचा आणि रेघ कशी बदलते ते बघायचं. एका वेळी एकच व्हेरिएबल. आपल्याला फर्स्ट इयरला शिकवतात तेच!

१८८२ साली त्यांनी निष्कर्ष छापला. डिस्टिल्ड पाण्यात साधं मीठ आणि किंचित पोटॅशियम असलं की हृदय छान चालतं, असा त्याचा सूर होता. पेपर आला, वाचला गेला, विषय मिटला. पण मग त्यांच्या लक्षात आलं की त्या प्रयोगांसाठीचं मिठाचं पाणी डिस्टिल्ड पाण्यात केलेलंच नव्हतं. ते सरळ नळाचं पाणी होतं.

यामागची कथा पुढे हेन्री डेल या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने सांगितली. रिंगर यांच्या लॅबमध्ये फील्डर नावाचा मदतनीस होता. पाणी डिस्टिल करत बसायचा त्याला कंटाळा. नळाचं घातलं तर डॉक्टरांना काय कळणार, असा त्याने विचार केला. म्हातारपणी त्यानेच हे डेल यांना सांगितलं. असे फील्डर प्रत्येक लॅबमध्ये असतात. नावं घेत नाही!

आता इथे सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्या. ते पाणी न्यू रिव्हर कंपनीचं होतं. न्यू रिव्हर ही नवीही नाही आणि नदीही नाही. हर्टफर्डशरमधल्या झऱ्यांचं पाणी लंडनला आणायला खोदलेला तो कालवा, १६१३ साली सुरू झालेला. तिथली जमीन खडूच्या दगडाची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. त्यातून येणारं पाणी कॅल्शियम घेऊनच येतं. रिंगर यांनी त्या पाण्याचं पृथक्करण दिलं आहे. दहा लाख भाग पाण्यात सुमारे ३८ भाग कॅल्शियम. आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. पण योगायोग असा की आपल्या रक्तात जेवढं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या जवळपासच हे प्रमाण येतं. दुसऱ्या एखाद्या शहराच्या मऊ पाण्यात हाच आळस केला असता, तर काही वेगळं दिसलंच नसतं.

रिंगर यांच्यापुढे तेव्हा दोन रस्ते होते. पेपर छापून झालेला. मदतनीस सोडून कुणाला ठाऊक नाही. गप्प बसता आलं असतं. त्यांनी खऱ्या डिस्टिल्ड पाण्यात सगळे प्रयोग पुन्हा केले. हृदय हळूहळू मंद होत थांबलं. त्यात कॅल्शियमचा क्षार चिमूटभर घातला आणि ते पुन्हा धडधडायला लागलं! एकटं कॅल्शियम जास्त झालं तर हृदय आकुंचन पावून तसंच ताठ राहू पाहतं, सैल पडायला पोटॅशियम लागतं, हेही त्यांनी दाखवलं. १८८३ सालच्या नव्या पेपरची सुरुवातच त्यांनी अशी केली की आधीचे प्रयोग नळाच्या पाण्यात झाले होते आणि शुद्ध पाण्यात ते परिणाम मिळत नाहीत. मदतनिसावर खापर फोडलं नाही, शब्द फिरवले नाहीत. १८८५ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मीठ, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचं ते द्रावण म्हणजे रिंगरचं द्रावण. १९३० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं, आणि आपली आरएल तयार झाली.

हृदयाकडून चेतापेशीकडे

तुम्ही म्हणाल, हे सगळं हृदयाचं झालं, चेतापेशी कुठे आहेत? तिथेच येते. १८९४ साली फ्रँक लॉक या इंग्लिश शास्त्रज्ञाने बेडकाचा स्नायू त्याच्या चेतातंतूसकट घेतला आणि कॅल्शियम नसलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवला. चेतातंतूला विजेचा झटका दिला तरी स्नायू हलेना. थोडं कॅल्शियम घातलं की हलायला लागला. म्हणजे चेतातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला कॅल्शियम लागतं. रिंगर तेव्हा हयात होते आणि त्यांच्याच पद्धतीचा हा विस्तार होता.

पण कॅल्शियम नेमकं करतं काय? हे कळायला आणखी सत्तर वर्षं गेली, आणि उत्तर सापडलं ते पुन्हा त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. हिटलरच्या जर्मनीतून १९३५ साली लंडनला आलेले बर्नार्ड कॅट्झ आणि मेक्सिकोचे रिकार्डो मिलेडी यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की विजेचा संदेश चेतातंतूच्या टोकाला पोचतो त्या क्षणी कॅल्शियम बाहेर हजर असावं लागतं. नंतर येऊन उपयोग नाही. संदेश आला की टोकावरची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि आतल्या पिटुकल्या पिशव्या फुटून त्यांतलं रसायन पुढच्या पेशीवर पडतं. वीज, कॅल्शियम, रसायन आणि पुन्हा वीज. हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल मिळालं.

आकडे आवडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. एक, शांत बसलेल्या चेतापेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण १०,००० पट कमी असतं. आत शिरलेलं कॅल्शियम उपसायला पेशीच्या भिंतीत पंप असतात, आणि साठवायला आत वेगळे कप्पे असतात. एवढी शांतता असल्यामुळेच थोडंसं कॅल्शियम आलं तरी पेशीला ते मोठ्याने ऐकू जातं. दोन, १९६७ साली डॉज आणि राहामिमॉफ यांनी दाखवलं की कॅल्शियम कमी असताना रसायनाचं प्रमाण कॅल्शियमच्या चौथ्या घाताने बदलतं. म्हणजे कॅल्शियम निम्मं केलं की रसायन थेट सोळाव्या हिश्श्यावर! म्हणून दार पूर्ण बंद करायची गरज नाही, जरासं ओढून घेतलं तरी फरक पडतो. औषध बनवणाऱ्यांना याहून चांगली जागा कुठे मिळणार?

दारं राखणारी औषधं

ही दारं एका प्रकारची नसतात. ती शोधायला आणि वेगवेगळी ओळखायला पुढची काही दशकं गेली.

आजी-आजोबांची बीपीची गोळी घ्या. अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तवाहिनीच्या स्नायूंतली कॅल्शियमची दारं ओढून घेते, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. या जातीच्या औषधांचा पाया १९६० च्या दशकात जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट फ्लेकनस्टाईन यांनी घातला. आणि त्यांची सुरुवातही हृदयाला कॅल्शियम मिळालं नाही तर काय होतं या रिंगर यांच्याच प्रश्नापासून होती.

चेतापेशींची दारं वेगळी. काही लहान मुलं बोलता बोलता क्षणभर थांबतात, नजर शून्यात जाते, आणि पुन्हा तिथूनच सुरू होतात. शाळेत बाई ओरडतात, लक्ष कुठे आहे म्हणून. पण काही मुलांच्या बाबतीत तो अपस्माराचा एक प्रकार असतो. त्या वेळी मेंदूच्या आलेखावर सेकंदाला साधारण तीन अशा लाटा दिसतात. मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागातल्या टी प्रकारच्या कॅल्शियम दारांचा या तालात हात असतो, आणि इथोसक्सिमाईड हे जुनं औषध ती दारं आवरतं. औषध आधीपासून वापरात होतं, ते कसं काम करतं हे १९८० च्या दशकाच्या शेवटी कळलं.

दुसरं उदाहरण वेदनेचं. डायबेटिसमुळे पाय जळजळतात, किंवा नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने कातडी भाजल्यासारखी दुखते. तिथे काही बिघडलेलं दिसत नाही. चेतातंतूच उगाच ओरडत असतो. गॅबापेंटिन हे औषध तयार केलं होतं गाबा या मेंदूतल्या रसायनाची नक्कल म्हणून. १९९६ साली कळलं की ते चिकटतं भलतीकडेच, कॅल्शियमच्या दाराच्या एका मदतनीस भागाला. त्यामुळे चेतातंतूच्या टोकावर दारंच कमी पोचतात. त्याचंच धाकटं भावंड प्रीगाबालिन. अर्थात ही औषधं मनाने घ्यायची नाहीत, त्यांची सवय लागू शकते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. समुद्रातली एक शंखातली गोगलगाय मासा पकडायला विषाचा बाण मारते आणि मासा जागेवर लुळा पडतो. फिलिपाईन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोगलगायींच्या विषाचा अभ्यास केला. त्यातला एक घटक चेतातंतूची एन प्रकारची दारं बंद करतो. तसाच घटक कारखान्यात बनवून झिकोनोटाईड नावाने २००४ साली अमेरिकेत मंजूर झाला. मॉर्फिननेही न थांबणाऱ्या दुखण्यासाठी तो पंपाने थेट मणक्यातल्या पाण्यात सोडावा लागतो, आणि मात्रा जराशी चुकली तरी पेशंट गोंधळतो. म्हणजे औषध केमिस्टचं, पण पंप आपला!

सगळीकडे यश मिळतं असंही नाही. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, त्या सतत कॅल्शियम आत घेत असतात आणि त्या ओझ्याने थकतात, असा एक विचार होता. उंदरांवरचे प्रयोग आशा लावणारे होते. मग इस्राडिपिन हे बीपीचं औषध ३३६ पेशंटना घेऊन तीन वर्षं तपासलं. काहींना औषध, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. २०२० साली निकाल छापला गेला. आजार मंदावला नाही. किती कुटुंबांनी त्या तीन वर्षांवर आशा ठेवली असेल! तरीही तो निकाल स्वच्छ शब्दांत छापला गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर पुढचे पेशंट त्याच गोळीच्या मागे धावले असते.

शेवटची वर्षं

पत्नी १८९९ साली वारली. पुढच्या वर्षी रिंगर निवृत्त झाले आणि लास्टिंगहॅमला राहायला गेले, जिथलं चर्च त्यांनी मुलीच्या आठवणीत दुरुस्त केलं होतं. १९१० साली पक्षाघाताने त्यांचं निधन झालं. नोबेल पारितोषिकं सुरू झाली तेव्हा ते हयात होते, पण ते त्यांना मिळालं नाही. चेतापेशीतलं कॅल्शियम, दारं, गोळ्या, यातलं काहीच त्यांना दिसलं नाही. त्यांच्या हयातीत त्यांचं मोठेपण म्हणजे एक उत्तम डॉक्टर आणि ते हँडबुक. आज ते पुस्तक कुणी उघडत नाही. टिकलं ते उरलेल्या वेळात केलेलं काम.

जर्नलमध्ये आधी ग्राफ काढायचा आणि मग त्यावरून रीडिंग लिहायचं ही कला इंजिनीअरिंग कॉलेजात काही नवी नाही. सरांना हवी तशी सरळ रेघ आली की सही मिळते. पण विचार करा, १८८२ सालचा रिंगर यांचा ग्राफही छानच होता. तो छापून आला होता, कुणाची तक्रार नव्हती. त्यांनी तो तसाच सोडला असता तर कॅल्शियमचा शोध पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाला लागला असताच, पण तोवर सगळे चुकीच्या पाण्यात प्रयोग करत बसले असते.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो एवढ्याचसाठी. नळाचं पाणी वापरलं गेलं हे नशीब म्हणा. पण रीडिंग जुळत असतानाही पाणी कुठून आलं हे विचारायचं, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तरी ते नाव घालून छापायचं, यात नशिबाचा काही भाग नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन